वाचकांचे प्रश्न : चिप जागी व्हायला नेमका किती वेळ लागतो?

या महिन्यात कोल्हापूर आणि आसपासच्या तालुक्यांतून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे योगायोगाने एकाच विषयाची निघाली : प्रोग्रामेबल लॉजिक चिपला (जिचे आतले लॉजिक आपल्याला हवे तसे भरता येते अशा चिपला) सप्लाय दिल्यापासून ती कामाला लागेपर्यंत किती वेळ जातो आणि तो मोजायचा कसा. त्यामुळे या वेळचे सदर आम्ही याच विषयाला दिले आहे. पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : स. न. वि. वि. शिवाजी उद्यमनगरात माझे कंट्रोल बोर्ड दुरुस्त करण्याचे आणि गरजेप्रमाणे नवे बनवून देण्याचे छोटे वर्कशॉप आहे. शिरोलीच्या एका फाउंड्रीतील मोल्डिंग मशीनसाठी मी ईपीएम-२४० ही सीपीएलडी (प्रोग्रामेबल लॉजिकचा एक प्रकार) चिप वापरून बोर्ड बनवला. लाईट जाऊन परत आली की मशीनचा एक सोलेनॉईड व्हॉल्व्ह 'टक्' करून ओढला जातो आणि लगेच सुटतो. चिप उशिरा जागी होत असावी, असे वाटून मी बोर्ड घरी आणून ऑसिलोस्कोपवर (स्कोपवर) मोजणी केली. एलईडीच्या पिनला आतून कायमचा '१' दिला, तर ती पिन सप्लायबरोबरच वर गेली, म्हणजे लागलेला वेळ शून्य. दुसऱ्या पिनलाही '१' देऊन तिथून ग्राउंडला रेझिस्टर लावला, तर सप्लाय ३ व्होल्टपर्यंत पोचण्याच्या जवळजवळ ६ मिलिसेकंद आधीच ती पिन वर आली, म्हणजे वेळ उणे! माहितीपत्रकात तर जास्तीत जास्त २०० मायक्रोसेकंद लिहिले आहेत. बेंच सप्लायची करंट मर्यादा १०० मिलिअँपिअर ठेवली होती आणि बोर्डावर ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे. यांतले खरे उत्तर कोणते?
— एक वाचक, शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर

उत्तर : तुमची दोन्ही निरीक्षणे बरोबर आहेत आणि माहितीपत्रकही खोटे बोलत नाही. घड्याळ कुठे सुरू केले आणि कुठे थांबवले, यात घोळ आहे. चिप 'जागी होण्याचा वेळ' म्हणून एकच एक आकडा नसतो. कोणत्या क्षणापासून कोणत्या क्षणापर्यंत, हे आधी ठरवावे लागते, आणि ते कसे ठरवायचे हे आपल्याला ज्या तक्रारीचा उलगडा करायचा आहे तिच्यावर अवलंबून असते.

आधी चिपच्या आत काय घडते ते पाहू. ईपीएम-२४० ही मॅक्स-टू कुटुंबातील चिप आहे. तुम्ही भरलेली रचना तिच्या आतल्या फ्लॅश स्मृतीत कायम राहते. परंतु चिपचे लॉजिक त्या फ्लॅशवर थेट चालत नाही. सप्लाय आला की ती रचना एसरॅममध्ये, म्हणजे सप्लाय गेला की पुसली जाणाऱ्या स्मृतीत, उतरवून घेतली जाते आणि ते पूर्ण झाल्यावरच पिना चिपच्या ताब्यात येतात. माहितीपत्रकातील २०० मायक्रोसेकंद हे या उतरवून घेण्याच्या कामासाठी दिलेले आहेत आणि त्यांची मोजणी सप्लाय आवश्यक त्या किमान पातळीला पोचल्यापासून धरलेली आहे. तोपर्यंत पिन कोणाच्याच ताब्यात नसते. बाहेरून तिला जो ओढेल तिकडे ती जाते.

तुमच्या 'शून्य' वेळेचा उलगडा यातच आहे. अशा बोर्डांवर एलईडीचे एक टोक बहुधा रेझिस्टरमार्गे ३.३ व्होल्टला जोडलेले असते आणि पिन खाली गेली की एलईडी लागतो. अशी पिन मोकळी असताना एलईडी आणि रेझिस्टरच तिला वर ओढतात. तुम्ही आतून '१' दिलेला असल्यामुळे चिप झोपलेली असतानाही पिन वर आणि जागी झाल्यावरही वरच. स्कोपला या दोहोंत फरक कसा दिसणार? यावर उपाय म्हणजे पिनला बाहेरून एका दिशेला ओढायचे आणि आतून तिच्या विरुद्ध पातळी द्यायची. दोन मोकळ्या पिना घ्या. एकीला १ किलोओहमने ग्राउंडकडे ओढा आणि आतून '१' द्या; दुसरीला १ किलोओहमने सप्लायकडे ओढा आणि आतून '०' द्या. चिपने ताबा घेतला त्या क्षणी पहिली वर जाते आणि दुसरी खाली येते. दोन्ही उड्या एकाच क्षणी दिसल्या तर तो चिपचाच क्षण आहे, याची खात्री पटते. एकच उडी दिसली तर प्रोब, जोडणी किंवा पिनांची यादी तपासा.

रेझिस्टर १ किलोओहमचाच का, तर आत दुर्बळ पुल-अप (पिनेला वर ओढणारा रेझिस्टर) असला तरी त्याच्यावर तो मात करतो, आणि पिन व प्रोब मिळून जी २५ पिकोफॅरडच्या आसपास धारिता होते तिच्यासह त्याचा कालांक (पातळी बदलायला लागणाऱ्या वेळेचे माप) केवळ २५ नॅनोसेकंद भरतो. २०० मायक्रोसेकंदांच्या मोजणीत ही चूक नगण्य आहे.

आता 'उणे' वेळ. ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर १०० मिलिअँपिअरने ३.३ व्होल्टपर्यंत भरायला साधारण साडेपंधरा मिलिसेकंद लागतात. बोर्डाचा स्वतःचा करंट धरला तर थोडे अधिक. म्हणजे सप्लाय उडी मारत नाही, तो घाट चढल्यासारखा हळूहळू चढतो. या चढणीवर १.७ व्होल्टची पातळी सुमारे ८ व्या मिलिसेकंदाला येते आणि ३ व्होल्टची सुमारे १४ व्या मिलिसेकंदाला. मॅक्स-टू चिप मात्र ३ व्होल्टची वाट पाहत बसत नाही, साधारण १.७ व्होल्टलाच तिचे आतले पॉवर-ऑन-रीसेट (सप्लाय आल्याचे ओळखणारे) सर्किट रचना उतरवायला सुरुवात करते. पुढच्या ०.२ मिलिसेकंदांत ती जागी झाली, तर सप्लाय ३ व्होल्टला पोचायला अजून जवळजवळ ६ मिलिसेकंद बाकी असतात. तुमचा उणे आकडा नेमका हाच आहे. तुम्ही चिपऐवजी बेंच सप्लायची चढण मोजलीत.

यात एक गंभीर बाब दडलेली आहे आणि ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. त्या ६ मिलिसेकंदांत तुमची चिप जागी आहे, पिनांवर पातळ्या देत आहे, पण तिला मिळणारा सप्लाय ज्या मर्यादेच्या आत उत्पादक तिच्या कामाची हमी देतो त्या मर्यादेच्या खाली आहे. चिप लवकर जागी झाली म्हणून आनंद मानण्यासारखे यात काही नाही.

केवळ चिपचा वेळ हवा असेल तर चढण काटेकोर करावी लागेल. सप्लाय आधीच ३.३ व्होल्टला स्थिर ठेवा, त्याच्या बाजूला मोठा कपॅसिटर लावा, आणि बोर्डाला तो पी-चॅनेल मॉसफेटमधून (स्विचसारख्या वापरायच्या ट्रान्झिस्टरमधून) द्या. मॉसफेट ३.३ व्होल्टला पूर्ण उघडणारा, म्हणजे लॉजिक पातळीवर चालणारा असावा. बोर्डाच्या बाजूचा ४७० मायक्रोफॅरड चाचणीपुरता काढून ठेवा, चिपजवळचे ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर मात्र काढू नका. एकूण धारिता १० मायक्रोफॅरडच्या आसपास असेल तर १०० मायक्रोसेकंदांच्या चढणीला सुमारे ०.३३ अँपिअर लागतो, जो मोठा कपॅसिटर सहज देतो. स्कोपचा एक चॅनेल चिपच्या सप्लाय पिनवर लावा. रेग्युलेटरच्या तोंडाशी नव्हे. दुसरा चाचणीच्या पिनवर. ट्रिगर पहिल्या चॅनेलच्या चढत्या कडेवर १.७ व्होल्टला, सिंगल शॉट, एका चौकटीला ५० मायक्रोसेकंद, आणि ट्रिगरचा क्षण पडद्याच्या डाव्या पंचमांशावर ठेवा, म्हणजे आधीचेही थोडे दिसेल.

चाचणीला वापरायच्या पिनेवर घड्याळाचा संबंध नको. लुकलुकणाऱ्या एलईडीवरून वेळ मोजणारे अनेक जण चिपबरोबर ऑसिलेटरचाही वेळ मोजतात, आणि क्रिस्टल ऑसिलेटरचे मॉड्यूल स्थिरावायला कित्येक मिलिसेकंद घेऊ शकते. कायमचा '१' किंवा '०' हेच उत्तम.

मोजणी एकदा करून थांबू नका. पन्नास-शंभर वेळा सप्लाय बंद-चालू करून सर्वांत मोठा आकडा लिहून ठेवा. सरासरीचा येथे उपयोग नाही. दोन मोजण्यांच्या मध्ये सप्लाय खरोखर शून्याजवळ उतरतो का, हेही पाहा. १०० मायक्रोफॅरड आणि १० किलोओहमचा भार असेल तर ३.३ व्होल्टवरून ०.३ व्होल्टवर यायला जवळजवळ अडीच सेकंद लागतात. घाईने बटण दाबले तर चिप पुरती झोपलेलीच नसते. सप्लायवर १०० ओहमचा रेझिस्टर लावून ठेवला तर तेच काम २५ मिलिसेकंदांत होते, त्यात ०.११ वॅट जातात, तेव्हा पाव वॅटचा रेझिस्टर पुरतो.

याच बाबतीत एक फजिती सांगण्यासारखी आहे. एका जुन्या एफपीजीए (सीपीएलडीहून मोठी प्रोग्रामेबल चिप) बोर्डावर मोजणी करताना एका सायंकाळी मला दर वेळी वेगळाच आकडा येत होता, आणि काही वेळा तर अविश्वसनीय लहान. तासाभराने लक्षात आले की सप्लाय बंद असतानाही बोर्डावरचा हिरवा एलईडी अगदी मंद, काजव्याएवढा, जळत होता. जेटॅगचा (चिपमध्ये रचना भरण्याच्या जोडणीचा) प्रोग्रामर यूएसबीला जोडलेला राहिला होता आणि त्याच्या तारांमधून, पिनांतल्या संरक्षक डायोडवाटे, बोर्डाला चोरून सप्लाय मिळत होता. ईपीएम-२४० मध्ये पिनेतून सप्लायकडे जाणारी ही वाट बंद ठेवलेली आहे. पण त्याच बोर्डावरील अन्य चिप आणि जेटॅगच्या तारांवरचे पुल-अप यांना ते लागू नाही. मोजताना प्रोग्रामर काढून ठेवावा, हे उत्तम.

आता तुमच्या मूळ तक्रारीकडे येतो, कारण वरची सगळी मोजणी अचूक केली तरी व्हॉल्व्हचा 'टक्' त्याने थांबणार नाही. सोलेनॉईड व्हॉल्व्हचा गाभा हलायला काही मिलिसेकंद ते काही दशक मिलिसेकंद लागतात. २०० मायक्रोसेकंदांत तो जागचा हलणार नाही. म्हणजे व्हॉल्व्ह चालवणाऱ्या मॉसफेटचे गेट (त्याची उघडझाप करणारा पाय) त्याहून बऱ्याच अधिक काळ अर्धवट उघडे राहत असले पाहिजे. लाईट येते तेव्हा २४ व्होल्टचा सप्लाय आधी उभा राहतो. त्यापासून ३.३ व्होल्ट बनवणारा रेग्युलेटर सावकाश चढतो, त्याच्या मागे ४७० मायक्रोफॅरड आहेच, आणि चिप त्याच्याही नंतर. या संपूर्ण काळात गेट मोकळे असते. २४ व्होल्ट झपाट्याने चढताना मॉसफेटच्या ड्रेन आणि गेटमधील आतल्या धारितेतून थोडा विद्युतभार गेटवर जातो, तो काढून घेणारे कोणी नसते, आणि मॉसफेट किंचित उघडतो. चिप जागी होऊन गेट खाली ओढते तेव्हा व्हॉल्व्ह सुटतो. तुम्ही ऐकता तो 'टक्' हा एवढ्या अवधीचा आहे.

म्हणून तुमच्या बाबतीत मोजायचा वेळ २४ व्होल्ट आल्यापासून चिपने गेट खाली ओढेपर्यंतचा. स्कोपचा पहिला चॅनेल २४ व्होल्टवर, दुसरा गेटवर लावा, आणि मोजणी बेंच सप्लायवर न करता मशीनच्याच सप्लायवर करा. गेटवर मधेच एक-दोन व्होल्टचा उंचवटा दिसला की निदान झाले. उपाय गेट आणि सोर्स यांच्यामध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर. त्याची किंमत रुपया-दोन रुपयांच्या पलीकडे नाही. चिप कितीही वेगवान घेतली तरी या रेझिस्टरची जागा ती भरून काढू शकत नाही, आणि हे मी अनेक चांगल्या बोर्डांवर विसरलेले पाहिले आहे.

फाउंड्रीत भट्टी चालू-बंद होताना सप्लायला जे झोके बसतात त्यांचाही विचार करा. मॅक्स-टू चिपचा सप्लाय साधारण १.४ व्होल्टच्या खाली गेला की ती स्वतःला रीसेट करते आणि परत चढताना रचना पुन्हा उतरवून घेते. मात्र झोक्यात सप्लाय ३ व्होल्टच्या खाली जाऊन २ व्होल्टवरूनच परत फिरला, तर चिप ना धड झोपली, ना धड जागी राहिली. अशा वेळी सप्लायवर नजर ठेवणारा बाहेरचा सुपरव्हायझर हवा. मॅक्स-८०९ ही तीन पायांची चिप घ्या. नावात 'मॅक्स' असले तरी तिचे मॅक्स-टूशी काही नाते नाही. तिच्या 'एस' प्रकारात २.९३ व्होल्टच्या खाली रीसेट लागतो आणि सप्लाय सावरल्यावरही किमान १४० मिलिसेकंद टिकतो. हा रीसेट सीपीएलडीच्या पिनेला देऊन आतल्या लॉजिकने व्हॉल्व्ह बंद करण्याचा मोह टाळा. ज्या चिपवर त्या क्षणी विश्वास ठेवता येत नाही, तिच्यावरच राखणदारी सोपवल्यासारखे ते होईल. सीपीएलडीचा आउटपुट आणि हा रीसेट बाहेरच्या अँड गेटमध्ये (दोन्ही इनपुट '१' असतील तरच '१' देणाऱ्या चिपमध्ये) एकत्र करून मग मॉसफेटला द्या. गेटवरचा १० किलोओहम तरीही राहू द्या, कारण सप्लाय एक-दीड व्होल्टवर असताना अँड गेटचाही भरवसा नसतो.

प्रश्न : मी कोल्हापुरातील अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षात शिकते. प्रकल्पासाठी आर्टिक्स-७ कुटुंबातील ३५टी एफपीजीए असलेला बोर्ड घेतला आहे. रचना फ्लॅशमध्ये भरून सप्लाय दिला की एलईडी लागायला जवळजवळ ६ सेकंद जातात. मैत्रिणीच्या तशाच बोर्डाला साडेचार सेकंद लागतात. माझा बोर्ड सदोष आहे का?
— एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : बोर्ड निर्दोष असण्याचीच शक्यता अधिक आहे. झायलिंक्स कंपनीने, जी २०२२ पासून एएमडीच्या मालकीची आहे, १९८५ साली एक्ससी-२०६४ ही ६४ लॉजिक ब्लॉकांची चिप आणली, तेव्हापासून या घराण्यातील एफपीजीएंची रचना एसरॅममध्ये राहत आली आहे. सप्लाय गेला की सगळे विसरायचे आणि आला की बाहेरच्या स्मृतीतून पुन्हा वाचायचे, हा त्यांचा स्वभावच आहे. तुमच्या ३५टी चिपची रचना १,७५,३६,०९६ बिटांची असते. तुम्ही आत एकच एलईडी लावलेला असला तरी तेवढीच, कारण रिकाम्या जागांचीही नोंद त्यात असते. सेटिंगला हात लावला नसेल तर चिप हे बिट ३ मेगाहर्ट्झच्या घड्याळाने, एका तारेवरून, एकेक करून वाचते. भागाकार केला तर सुमारे ५.८ सेकंद येतात. तुमचा आकडा हाच आहे.

मैत्रिणीचा बोर्ड वेगवान का? हे घड्याळ चिपच्या आतच तयार होते आणि उत्पादकाने त्याला अधिक-उणे ५० टक्के सूट ठेवलेली आहे. म्हणजे ३ मेगाहर्ट्झच्या नावाखाली दीडपासून साडेचारपर्यंत काहीही असू शकते, आणि वेळ ३.९ सेकंदांपासून ११.७ सेकंदांपर्यंत कुठेही येऊ शकतो. दोघींचेही बोर्ड या पट्ट्यात बसतात. प्रकल्पाच्या अहवालात एका बोर्डावर मोजलेला आकडा 'या चिपचा वेळ' म्हणून लिहू नका. तो तुमच्या बोर्डाचा वेळ आहे.

वेळ कमी करायचा असेल तर बिटस्ट्रीमच्या, म्हणजे या बिटांच्या फाइलच्या, सेटिंगमध्ये घड्याळाचा वेग ३३ मेगाहर्ट्झ करा आणि वाचन चार तारांवरून करा, अर्थात बोर्डावर त्या चारही तारा फ्लॅशला जोडलेल्या असतील आणि फ्लॅशला चार तारांचे वाचन मान्य असेल तर. मग तेच बिट सुमारे १३३ मिलिसेकंदांत येतात. वेग वाढवताना त्या ५० टक्क्यांची आठवण ठेवा : ३३ म्हणून निवडलेले घड्याळ ४९ पर्यंतही धावू शकते, आणि त्या वेगाला फ्लॅश पुरी पडते का, हे तिच्या माहितीपत्रकात पाहावे लागते. अचूक वेग हवा असेल तर बाहेरच्या ऑसिलेटरचे घड्याळ देण्याची सोय या चिपमध्ये आहे. बिटस्ट्रीम संकुचित करण्याचा पर्यायही आहे आणि तुमच्यासारख्या लहान रचनेत त्याचा चांगलाच लाभ होतो. पण रचना वाढत गेली की तो लाभ आटत जातो, म्हणून वेळेचे गणित त्याच्या भरवशावर मांडू नये.

मोजणीसाठी एलईडीकडे पाहत बसण्याऐवजी स्कोपचे तीन चॅनेल लावा : सप्लाय, 'इनिट' ही पिन आणि 'डन' ही पिन. सप्लाय स्थिर झाल्यापासून 'इनिट' वर जाईपर्यंत चिप स्वतःची आवराआवर करते. ७-मालिकेत यासाठी १० ते ५० मिलिसेकंद दिलेले आहेत. 'इनिट' पासून 'डन' पर्यंतचा काळ बिट वाचण्याचा. 'डन' नंतर पीएलएल (आतली घड्याळे तयार करणारे सर्किट) स्थिरावण्याचा काळ, जो १०० मायक्रोसेकंदांच्या आत असतो. वेग वाढवूनही एकूण वेळ फारसा घटत नसेल तर कोणता तुकडा लांबला आहे, हे या चित्रावरून लगेच कळते. 'इनिट' वर जाऊन 'डन' कधीच येत नसेल तर फ्लॅशचा सप्लाय एफपीजीएच्या नंतर उभा राहत नाही ना, ते पाहा; फ्लॅशलाही जागे व्हायला थोडा अवधी लागतो आणि तोवर वाचलेले बिट निरर्थक असतात. हे गणित किती काटेकोर लागते याचे उदाहरण म्हणजे संगणकातील पीसीआय एक्सप्रेस कार्ड : सप्लाय स्थिर झाल्यापासून रीसेट सुटेपर्यंत तेथे १०० मिलिसेकंदांचीच हमी असते. १३३ मिलिसेकंदसुद्धा तेथे जास्त ठरतात.

प्रश्न : माझ्याकडे ऑसिलोस्कोप नाही, मल्टिमीटर आणि आर्डुइनो ऊनो आहे. ईपीएम-२४० चा जागे होण्याचा वेळ त्यावर मोजता येईल का?
— एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : मल्टिमीटरने नाही, आर्डुइनोने येईल, पण ऊनोने मोजताना एक खड्डा आहे. ऊनो ५ व्होल्टवर चालतो आणि त्याच्या पिनेला 'वर' म्हणून खात्रीने ओळखू येण्यासाठी ३ व्होल्ट लागतात. तुमची चिप २ व्होल्टच्या सप्लायवर जागी झाली तर ऊनोला ते कळणारच नाही. सप्लाय जवळजवळ पूर्ण चढल्यावर कळेल, आणि तुम्ही पुन्हा सप्लायची चढणच मोजाल. त्याऐवजी ३.३ व्होल्ट आणि ८ मेगाहर्ट्झवर चालणारा आर्डुइनो प्रो मिनी घ्या. 'मायक्रोज' ही तयार आज्ञा वापरू नका, तिच्यात काही मायक्रोसेकंदांच्या पायऱ्या पडतात. टायमर-१ ची इनपुट कॅप्चर (पिनेची पातळी बदलताच टायमरचा आकडा टिपणारी) सोय वापरा. ८ मेगाहर्ट्झला तिची पायरी १२५ नॅनोसेकंदांची असते आणि मोजपट्टी ८ मिलिसेकंदांहून थोडी अधिक लांब. २०० मायक्रोसेकंदांसाठी ती पुष्कळ आहे.

एका पिनेने पी-चॅनेल मॉसफेट उघडा आणि त्याच क्षणी टायमर सुरू करा. पहिल्या फेरीत कॅप्चरची पिन चिपच्या सप्लायला जोडा, दुसऱ्या फेरीत ग्राउंडकडे ओढलेल्या चाचणीच्या पिनेला. दोन आकड्यांची वजाबाकी हा चिपचा वेळ, कारण मॉसफेट आणि चढण या दोन्हींचा वाटा दोन्ही फेऱ्यांत सारखाच असतो. प्रो मिनीची पिन साधारण दीड ते दोन व्होल्टला 'वर' म्हणते, आणि चिपही १.७ व्होल्टच्या आसपास कामाला लागते. हा जुळून आलेला योग आपल्या पथ्यावर पडतो. कॅप्चर पिनेचा आतला पुल-अप मात्र बंद ठेवा, नाहीतर सप्लाय बंद असतानाही तो चाचणीच्या तारेला थोडे उचलून धरतो. सप्लाय पुरता उतरला का, हे पाहण्यासाठी तुमचा मल्टिमीटर कामी येईल.

प्रश्न : आमच्याकडील जुन्या यंत्राच्या बोर्डावर २२व्ही१० या लहान प्रोग्रामेबल लॉजिक चिप आहेत. त्यांचाही असाच वेळ मोजावा लागतो का? यंत्र सुरू केल्यावर दहा-वीस वेळांतून एकदा ते भलत्याच टप्प्यापासून चालू होते.
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : २२व्ही१० मध्ये उतरवून घेण्यासारखे काही नसते. तिच्यातील जोडण्या जिथे साठवलेल्या असतात तिथूनच लॉजिक चालते, त्यामुळे सप्लाय आला की चिप तयार. सप्लाय चढताना तिचे रजिस्टर (यंत्र कोणत्या टप्प्यावर आहे ते लक्षात ठेवणारे भाग) आपोआप शून्यावर येतात, एवढीच एक क्रिया असते आणि तिला मायक्रोसेकंदाच्या आसपास वेळ लागतो. शून्यावर आलेले रजिस्टर पिनेवर '०' दाखवील की '१', हे त्या पिनेला दिलेल्या उलट-सुलटवर अवलंबून असते, तेव्हा पिन वर दिसली म्हणून चिपला दोष देऊ नका.

मात्र या क्रियेला दोन अटी आहेत. सप्लाय मध्ये न घसरता सलग चढला पाहिजे, आणि रीसेट पूर्ण होईपर्यंत घड्याळाची पिन स्थिर राहिली पाहिजे. तुमच्या वर्णनावरून दुसरी अट मोडत असावी, असे वाटते. ऑसिलेटर सप्लायबरोबरच उड्या मारू लागला आणि त्याची एखादी कड नेमकी त्या मायक्रोसेकंदात पडली, तर रजिस्टर कुणीही न लिहिलेल्या स्थितीत अडकतात. दहा-वीस वेळांतून एकदाच असे होण्याचे कारणही हेच. स्कोपचा एक चॅनेल सप्लायवर आणि दुसरा चिपच्या १ नंबरच्या पायावर, म्हणजे घड्याळावर लावून वीस-तीस वेळा यंत्र चालू करून पाहा. सप्लाय चढत असतानाच त्या पायावर कडा दिसल्या तर ऑसिलेटर आणि चिप यांच्यामध्ये एक लॉजिक गेट घालून, सप्लाय पूर्ण होईपर्यंत घड्याळ अडवून धरा. कडा दिसत नसतील आणि सप्लायच मध्ये घसरताना दिसत असेल, तर पॉवर सप्लायमधले जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आधी बदला.